आधी रिकामा काटा

बाजारात मला काटेबाई म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर 'या ना मॅडम, बसा ना, काहीतरी थंड घ्या' असं असायचं. वजनमापे खात्यात मी एकतीस वर्षं निरीक्षक होते. मी रस्त्याच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकापर्यंतच्या दुकानदारांना एकाएकी स्वच्छतेचं वेड लागायचं. कुणी पारडं पुसायला घ्यायचा, कुणी मापात मारायला पारड्याखाली लावलेलं मेण नखाने खरवडायचा. एका कॉफीवाल्याने तर हात जोडून सांगितलं होतं, "मॅडम, खाली मेण लागलंय हे माझ्या लक्षातच नव्हतं." मी पावती फाडत म्हटलं होतं, "लक्षात नव्हतं हे काट्याला सांगा." हे वाक्य मला इतकं आवडलं की निवृत्तीच्या समारंभात भाषणातही मी ते वापरलं. लोक हसले, मीही हसले.

तर अशा बाईच्या घरात, तिच्या वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिच्या दोन मुलांनी कॉफीचं मशीन आणून ठेवलं. भेट म्हणून नव्हे, शिक्षा म्हणून.

गुन्हा असा होता. महिन्याभरापूर्वी मी चप्पल शिवून आणायला खाली गेले होते. पाऊण तासाने परत आले तर जिन्यात धूर, माझं दार सताड उघडं आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ नाकाला ओला टॉवेल लावून स्वयंपाकघरात उभे. गॅस त्यांनी बंद केला होता. शेगडीवर माझं दुधाचं पातेलं कोळसा होऊन बसलं होतं. दार उघडं होतं कारण त्यांनी ते खांदा मारून उघडलं होतं, आणि पुढे दोन आठवडे भेटेल त्याला ते खांदा दाखवत फिरत होते.

आता गोष्ट अशी की त्या पाऊण तासात माझी सून येऊन गेली होती. तिच्याकडे किल्ली असते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या टेबलावर ठेवून ती गेली. म्हणजे घरात दोन बायका आल्या-गेल्या, आणि त्यातली एक वजनमापे खात्यातली होती. मला निकाल द्यायला अर्धं मिनिट पुरलं.

"तू दूध तापवलंस आणि विसरलीस," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"मी स्वयंपाकघरात गेलेच नाही, आई," ती म्हणाली. आणखी काही म्हणणार होती, पण माझ्याकडे बघून थांबली. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी अतिशय सभ्यपणे बोलतो. भांडण यापेक्षा बरं असतं.

थोरला मुलगा विमा कंपनीचा सर्व्हेअर आहे. जळालेल्या घरांत जाऊन, तुमचं नुकसान तुम्हाला वाटतं तेवढं झालेलं नाही, हे लोकांना समजावून सांगणं हा त्याचा व्यवसाय. त्याने बायकोची बाजू घेतली नाही आणि माझीही घेतली नाही. पातेल्याचे चार कोनांतून फोटो काढले आणि म्हणाला, "कारण अनिश्चित. पण रिस्क निश्चित." मग दोघा भावांनी बाल्कनीत उभं राहून कुजबुज केली आणि ठराव पास केला: आईचा गॅस महिनाअखेरीस परत करायचा. जेवण घरपोच येईल. कॉफीला मशीन.

या ठरावात मला काय वाटतं याला रकाना नव्हता. माझी शेगडी म्हणजे काय हे त्यांना सांगून कळलं नसतं. पहाटे उठून मी माझं दूध माझ्या हाताने तापवते, माझ्या मनाला येईल ते, येईल तेव्हा शिजवते, आणि कुणाच्या बापाला विचारत नाही. ती शेगडी गेली की मी माझ्याच घरात पाहुणी. मला खरोखर भीती वाटली. भीती वाटली की मी भांडते.

"एक अट," मी म्हटलं. "या मशीनचे पॉड रोजच्या कॉफीला परवडतील असे आणि वजनाला खरे असे शोधून दाखवा. सापडले तर गॅस न्या. नाही सापडले तर मशीन न्या आणि परत हा विषय काढायचा नाही."

थोरला हसला. त्याला वाटलं, म्हातारी हरली. "डन," तो म्हणाला.

रविवारी सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलाची प्रयोगशाळा झाली. ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: बाटलीच्या बुचाहून जरा मोठी अशी सीलबंद डबी असते, तिला पॉड म्हणतात. आत मोजून एका कपाची कॉफीपूड. ती यंत्रात टाकायची, दांडी खाली ओढायची, बटण दाबायचं. मग ते यंत्र घसा खाकरल्यासारखा आवाज करतं आणि एका माणसाला एक कप कॉफी देतं. दुसरा माणूस तोवर पहिल्याकडे बघत बसतो. डबी कचऱ्यात. इतका कचरा करून इतकी थोडी कॉफी मिळवायला माणसाला किती शिकावं लागलं असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

थोरल्याने लॅपटॉपवर तक्ता केला होता. पाच प्रकारचे पॉड, सहा रकाने. किंमत, मशीनला बसतो का, वगैरे ठीक होतं. पण एक रकाना 'सुगंध' असा होता आणि त्यात आकडे होते.

"सुगंध सात पूर्णांक पाच," मी वाचलं. "कुठल्या एककात?"

"आई, ते लोकांच्या अभिप्रायांवरून काढलंय."

"कुठल्या लोकांच्या? नाकं तपासली होती का त्यांची?"

धाकटा खो खो हसला. धाकटा लिफ्टची दुरुस्ती करतो, बिनलग्नाचा आहे. कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही आणि उघडलेली पूर्ण बंद करायची त्याला सवय नाही.

पहिला पॉड मशीनच्या मूळ कंपनीचा, जांभळा, चकचकीत. कॉफी उत्तम होती. किंमत बघितल्यावर ती आणखी उत्तम लागायला हवी होती, पण तसं झालं नाही. थोरल्याने तो लगेच बाद केला. "रोज कुणाला परवडणार हे?" हेच जांभळे पॉड त्याच्या स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत भरलेले असतात, मी पाहिलेत. मी फक्त बरणी केवढी ते हाताने दाखवलं. "आम्ही कधीतरी पितो ना आई, तुला रोज लागणार," तो म्हणाला. म्हणजे ज्याला रोज लागतं त्याने हलकं प्यावं. विमा असाच चालत असावा.

दुसऱ्या प्रकारचा पॉड आत गेला तो बाहेर येईना. 'सर्व मशीनना चालतो' असं त्यावर लिहिलं होतं. आमच्या मशीनने ते वाचलं नव्हतं. धाकट्याचे डोळे चमकले. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पाच मिनिटांत मशीनचं पोट टेबलावर मांडलं. पॉड निघाला. सगळं परत जोडून झाल्यावर एक छोटा, जाडसर वॉशर उरला.

"हा कुठला?" मी विचारलं.

"असाच असतो एखादा जास्तीचा. लागत नाही तो," तो म्हणाला आणि वॉशर टेबलावरच ठेवून दिला. मग लिफ्टने जायचं की जिन्याने, याचा मी कायमचा निर्णय घेतला.

तिसरा पॉड फुटला. कपात थोडी, टेबलावर बरीच, अशी त्याने कॉफी दिली. त्यातच थोरल्याचा साखर घातलेला कप धक्का लागून कलंडला, आणि टेबलभर गोड तळं झालं. मी दोनदा पुसलं तरी कोपर चिकटत होतं. चौथ्याला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव होती. धाकट्याने मध्येच स्टीलच्या भरता येणाऱ्या पॉडचा विषय काढला: एकदाच घ्यायचा, रोज आपली पूड भरायची, धुवायचा. सगळ्यात स्वस्त तोच. मला पटलं. पण थोरला म्हणाला, "नको, आईला रोज धुवावं लागेल." पन्नास वर्षं मी यांची भांडी घासली तेव्हा हा कुठे होता कोण जाणे.

पाचवा पॉड करड्या रंगाचा, पन्नासच्या खोक्यात येणारा. मूळ कंपनीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याला. त्याची कॉफी, ही कॉफी आहे असं कुणी सांगितलं तर पटण्यासारखी होती. थोरल्याने खुर्चीत मागे टेकून विजयी मुद्रेने तक्त्यात हिरवा रंग भरला.

सूनही आली होती. तिच्यासाठी मी त्याच पॉडची कॉफी काढली. "दूध घालू?" मी विचारलं.

"नको, आई," ती म्हणाली. ती तशीच काळी कॉफी पिते आणि चेहराही तसाच ठेवते. मी नेहमीप्रमाणे मनात म्हटलं, नखरे.

"तर ठरलं," थोरला म्हणाला.

"वजन राहिलंय," मी म्हटलं. "खोक्यावर दर पॉडमध्ये सात ग्रॅम पूड असं छापलंय. खोकं ठेवून जा."

"आई, आता ग्रॅमवर उतरणार तू?"

"मी एकतीस वर्षं ग्रॅमवरच होते. तुझं शिक्षण त्यावरच झालंय."

ते गेल्यावर मी कपाटातून माझा काटा काढला. पितळी, दोन पारड्यांचा, साखळ्यांचा. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेला. पारडी टेबलावर ठेवली, साखळ्या सोडवल्या, दांडी उभी केली, वजनांची पेटी उघडली आणि चिमट्याने वजनं मांडायला घेतली. हात थरथरत नव्हते. मला तरुण वाटत होतं, हे कबूल करते. एकेक पॉड कात्रीने कापून पूड उजव्या पारड्यात ओतली, डाव्यात वजनं.

पाच ग्रॅम आणि सहाशे मिलिग्रॅम. छापलेलं सात.

दुसरा फोडला. पाच पूर्णांक सहा. तिसरा, तोच आकडा. दहा पॉड फोडले आणि दहाच्या दहा एक ग्रॅम चारशे मिलिग्रॅमने कमी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. इतकी सरळ, इतकी शिस्तीची चोरी मी नोकरीतही पाहिली नव्हती.

मी लगेच थोरल्याला फोन लावला. "पाचवा भाग मापात मारतायत. अट आठवते ना? मशीन घेऊन जा."

"आई, दीड ग्रॅमसाठी…"

"दीड नाही. एक पूर्णांक चार. तूच सांग, तुझ्या दाव्यात लोकांनी पाचवा भाग जास्त लिहिला तर तू काय करतोस?"

तो म्हणाला, "तू नीट मोजलंस ना?"

हा प्रश्न मला झोंबला, आणि मी जे बोलले ते शब्दाशब्दाने आठवतंय. "एकतीस वर्षांत वजन करण्याआधी रिकामा काटा बघायला मी एकदाही चुकलेले नाही. अशी बाई गॅसचं बटण विसरेल? तुझ्या बायकोला विचार जरा." फोन त्याने स्पीकरवर ठेवला होता हे मला माहीत होतं. पलीकडून सुनेचा आवाज आला, "बरोबर आहे आई, तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार." त्यात राग नव्हता. मी तो शोधला, सापडला नाही, आणि मला आणखीच राग आला.

मुलांना हरवून माझं समाधान झालं असतं तर इथेच गोष्ट संपली असती. पण चोर सापडला आणि त्याला बाजारात उभं केलं नाही, असं मी कधी केलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारडी रुमालात गुंडाळली, पिशवीत काटा घेतला आणि निघाले.

खोक्यावर दुकानाचं लेबल होतं. दुकान त्याच कॉफीवाल्याचं, पारड्याखाली मेण सापडलेल्याचं. आता त्याचा मुलगा गल्ल्यावर बसतो आणि म्हातारा आत पोत्यांपाशी स्टुलावर. काउंटरवर चकचकीत इलेक्ट्रॉनिक काटा, मागच्या भिंतीवर छतापर्यंत पॉडची खोकी. मी आधी साधं गिऱ्हाईक म्हणून एक करडं खोकं विकत घेतलं, पावती घेतली. आमच्या खात्यात याला चाचणी खरेदी म्हणतात. पावती हातात आल्यावर मग मी पिशवीतून काटा काढून काउंटरवर मांडला.

चार गिऱ्हाइकं होती, ती सरकून जवळ आली. मुलगा गोंधळला. "काय करताय, आजी?"

आजी. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या पॉडमध्ये सात ग्रॅम पूड नाही. पाच पूर्णांक सहा आहे. आता सगळ्यांसमोर दाखवते."

आवाज ऐकून म्हातारा बाहेर आला. मला बघून थबकला. वीस वर्षं झाली असतील, पण त्याने मला ओळखलं आणि सवयीने त्याचा हात पारड्याकडे गेला, जे त्याच्याकडे आता नव्हतं.

"मॅडम, तुम्ही," तो म्हणाला.

"हो, मीच." मी पॉड कापला आणि पूड पारड्यात ओतायला हात पुढे केला.

"थांबा, मॅडम," तो हळूच म्हणाला. "आधी रिकामा काटा दाखवा."

"काय?"

"तुम्हीच शिकवलंत. कुणीही तुमच्यासमोर वजन करायला लागलं की आधी म्हणा, रिकामा काटा दाखवा. मी अजून पोराला सांगतो."

मी पूड खाली ठेवली. पारडी सोडली. चार गिऱ्हाइकं, तो मुलगा, म्हातारा आणि मी, सगळे बघत होतो. डावं पारडं सावकाश खाली गेलं आणि खालीच राहिलं.

रिकामं पारडं.

म्हाताऱ्याने विचारल्याशिवाय हात लावला नाही. "बघू?" म्हणाला. मी मान हलवली. त्याने पारडं उलटं केलं. तळाला, वाळलेल्या गोड कॉफीत घट्ट चिकटून, धाकट्याचा वॉशर बसला होता. मशीनला न लागणारा. म्हाताऱ्याने तो नखाने सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग माझ्या काट्यावर, माझ्या वजनांनी, स्वतःच्या हाताने त्याने पूड मोजली. सात ग्रॅम. किंचित वरच.

दहाच्या दहा पॉड एकाच आकड्याने कमी भरले तेव्हाच मला कळायला हवं होतं. चोराचा हात इतका सारखा चालत नसतो. सगळी वजनं सारखीच चुकली तर काटा चुकलेला असतो. नव्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचे मी.

मुलगा हसू दाबत होता. गिऱ्हाइकं आपापल्या खरेदीला लागली, म्हणजे तसं दाखवू लागली. म्हाताऱ्याने स्टूल पुढे केलं. "बसा मॅडम. होतं असं. लक्षात राहत नाही कधी कधी."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो टोमणा मारत असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो खरंच मनापासून बोलत होता. आणि मी त्याला वीस वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं ते त्याला आठवत असो नसो, मला आठवत होतं. मी काटा गुंडाळला, फोडलेल्या पॉडचं खोकं काखोटीला मारलं आणि बाहेर पडले.

"मॅडम," तो मागून म्हणाला, "मी कुणाकडे बोलणार नाही."

म्हणजे मला हवं तर गप्प बसता येणार होतं. मुलांना पाच पूर्णांक सहाच माहीत होते. मशीन जाणार होतं, शेगडी राहणार होती. सगळा रस्ताभर मी याचाच विचार केला, आणि सज्जन माणसासारखी लाज वाटून नव्हे, तर हे कितपत खपेल याचा हिशोब करत केला.

घरी येऊन मी शेगडीसमोर उभी राहिले. महिनाभर मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होते की बटण मी बंद केलं होतं. आता पहिल्यांदाच आठवून बघितलं. बटण फिरवल्याचं मला आठवेना. पातेलं ठेवल्याचंही आठवेना. त्या दिवशीची मला फक्त चप्पल आठवत होती. रविवारचंही तसंच: रिकामा काटा बघितला असं मी फोनवर ठासून सांगितलं, ते आठवून नव्हे, मी नेहमी बघते म्हणून.

मी सुनेला फोन लावला. ती दातांच्या दवाखान्यात स्वागतिका आहे. मागे कुणीतरी कण्हत होतं.

"आई? बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. त्या दिवशी गोळ्या ठेवायला आलीस तेव्हा स्वयंपाकघरात गेली होतीस का?"

"हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारताय."

"पहिल्यांदा विचारतेय. आधी दोनदा मी सांगत होते."

"नाही गेले, आई." मग तिने आवाज खाली आणला. "पातेल्यात दूध होतं. मला दूध सोसत नाही. लग्नाच्या आधीपासून. बारा वर्षं तुम्ही दर वेळी विचारता, दूध घालू का, आणि मी दर वेळी नको म्हणते."

मिलिग्रॅम मोजणाऱ्या बाईला घरात बारा वर्षं दर वेळी समोर ठेवलेला कप दिसला नव्हता. थोरल्यालाही दिसला नव्हता, पण तो सर्व्हेअर आहे, त्याला झळ लागल्याशिवाय काही दिसत नाही.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चूक तुमची ठरली असती. ते दोघं त्याच दिवशी गॅस घेऊन गेले असते." मागचं कण्हणं वाढलं. "मला आत बोलावतायत आई, ठेवते."

म्हणजे हा महिना मी अट घालून मिळवला नव्हता. तो तिने मला दिला होता, आणि वर माझं बोलणंही ऐकून घेतलं होतं. मी रडले, हेही लिहून टाकते. अर्धवट लिहिलेला पंचनामा मला चालत नाही.

माझ्या शिवणाच्या डब्यात खात्यातल्या शिशाच्या चार गोळ्या आणि तारेचं एक वेटोळं होतं. चुकीचा काटा सापडला की त्याला तार बांधून ही गोळी दाबायची. मग तो दुरुस्त होऊन तपासला जाईपर्यंत कुणी वापरायचा नाही. निवृत्तीनंतर हे घरी ठेवणं नियमाबाहेरचं आहे, मला माहीत आहे, कुणाला तक्रार करायची तर करावी. मी गॅसचा रेग्युलेटर बंद केला, बटणातून तार ओवली आणि गोळी पकडीने दाबली. एका दाबात बसली. हात अजून चांगला आहे.

महिनाअखेरच्या रविवारी तिघं आले. थोरला भांडायच्या तयारीने आला होता, फाइल घेऊन.

"आई, मी पॉडच्या कंपनीला मेल केलाय. ते म्हणतात सात ग्रॅमच असतात."

"सातच आहेत," मी म्हटलं.

"पण तू पाच पूर्णांक सहा…"

"म्हणाले होते. मी रिकामा काटा बघितला नव्हता." मी वॉशर धाकट्यासमोर ठेवला. "हा तुझा. मशीनमध्ये परत घाल. लागतो तो." धाकट्याने तो मुकाट्याने उचलला आणि पहिल्यांदाच स्क्रूड्रायव्हर काढताना लाजला.

थोरला स्वयंपाकघरात गेला. वाकला आणि तिथूनच म्हणाला, "हे सील कुणी लावलं?"

"खात्याने. पातेलं मी विसरले होते. मी, तुझ्या बायकोने नाही. फाइलमध्ये लिहून घे, कारण निश्चित म्हणून."

तो बाहेर आला. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. फाइल उघडली, पेन काढलं, आणि काय लिहावं ते न सुचून परत टोपण लावलं. "गॅसचं आपण… बघू अजून," तो पुटपुटला.

"बघायचं काही नाही. अट माझी होती. घेऊन जा."

मग मी करडं खोकं उघडलं. मशीन एका वेळी एकच कप देतं, त्यामुळे बराच वेळ गेला. थोरल्याचा कप, दूध आणि दोन चमचे साखर. धाकट्याचा, नुसतं दूध. तिसरा कप मी भरला, तसाच काळा उचलला आणि सुनेच्या समोर नेऊन ठेवला.

ती सवयीने 'नको, आई' म्हणायला तोंड उघडून थांबली. मी काही विचारलंच नव्हतं.